झोंबी झाला ताडमाड, जीव मात्र वीसच!

आजचा अख्खा दिवस माइनक्राफ्ट गेमच्या समन कमांडमध्ये (हवा तो प्राणी किंवा राक्षस उगवायला लावणारी आज्ञा). जावा आवृत्तीबद्दल बोलतोय. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत समनला महिरपी कंसातला डेटा चालतच नाही.

चौपट उंच झोंबी हवा तर ॲट्रिब्यूट्समध्ये (गुणधर्मांच्या यादीत) 'स्केल' म्हणजे आकार ४ द्या. ही सोय गेमच्या १.२०.५ आवृत्तीपासूनची, मर्यादा ०.०६२५ ते १६. खरी गोची जिवाची. 'मॅक्स हेल्थ' १०० केलं तरी गडी उगवतो २० वरच, कारण ती नुसती कमाल मर्यादा. 'हेल्थ' १०० वेगळं लिहायचं.

उन्हात जळू नये म्हणून डोक्यावर दगडी बटण. हेल्मेट उन्हाने झिजून तुटतं; बटण झिजत नाही आणि डोक्यात लपून जातं, दिसतही नाही. पण १.२१.५ पासून 'आर्मर आयटम्स'ची (अंगावरच्या चिलखताची) यादी गेली, आता 'इक्विपमेंट'मध्ये 'हेड' लिहावं लागतं. जुनी कमांड चिकटवली की झोंबी येतो, पण बोडका. वर एररही नाही! (हे सगळ्यात चीड आणणारं.)

'पर्सिस्टन्स रिक्वायर्ड' १ नसेल तर तुम्ही लांब गेलात की तो गायब. पीसफुलवर (राक्षस नसलेल्या सर्वात सोप्या पातळीवर) मात्र तेही वाचवत नाही. आणि चॅटमध्ये २५६ अक्षरंच मावतात, त्यामुळे असली लांबलचक कमांड सरळ कमांड ब्लॉकमध्ये (कमांड साठवून चालवणाऱ्या ठोकळ्यात) टाका.