हिरवा, निळा, लाल, काळा: ट्वीडच्या खोऱ्यात तीन दिवस

पहिल्याच दुपारी स्कॉटलंडमधल्या ग्लेनट्रेसच्या जंगलात ओल्या मुळावरून पुढचं चाक सटकलं आणि मी नेच्यांच्या दाटीत जाऊन पडलो. आधी सायकलकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. मागून भाची आली, थांबली. "लागलं का?" वगैरे काही नाही. म्हणाली, "मामा, काळा गॉगल लावून जंगलात कोण शिरतं?"

बरोबरच होतं तिचं. उघड्या उतारावर लख्ख ऊन होतं, पण वळण घेऊन स्प्रूसच्या झाडीत शिरलो की एकदम तिन्हीसांजेसारखा अंधार. त्या दोन सेकंदांत मला मूळ दिसलंच नाही. बिनरंगी, पारदर्शक काचेचा चष्मा आणा, ही या लेखातली पहिली सूचना. ती मला गुडघा देऊन मिळाली आहे.

दुसरी चूक जुनी होती. मी रस्त्याची सायकल चालवणारा माणूस. घाट न थांबता चढतो, त्यामुळे पायांवर भरवसा. फलकावर हिरवा, निळा, लाल, काळा असे चार रंग पाहिले आणि हिशेब केला की मधला म्हणजे लाल आपल्याला चालेल. भाचीने समजावलं होतं की हे रंग दमाचे नाहीत. पाटी दाखवते ती वाटेची जात: किती अरुंद, किती ओबडधोबड, उतार किती उभा, दगड-मुळं टाळता येतात की त्यांच्यावरूनच जावं लागतं. ब्रिटनमध्ये हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल कठीण आणि काळा अतिकठीण. उड्यांच्या बाइक पार्कला वेगळा नारिंगी रंग. लांबी आणि चढही फलकावर असतात, ते वेगळे वाचायचे. माझे पाय लाल होते, हात आणि डोळे जेमतेम निळे.

ग्लेनट्रेस एडिनबराच्या दक्षिणेला, पीबल्स या गावापासून पूर्वेकडे साधारण तीन किलोमीटरवर आहे. खाली ट्वीड नदी, वर लाकडासाठी लावलेलं जंगल आणि त्यात मुद्दाम सायकलसाठी बांधलेल्या वाटा. 2023 च्या जागतिक सायकलिंग स्पर्धेतली माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत इथेच झाली. पुरुषांत टॉम पिडकॉक आणि महिलांत पॉलिन फेरॉं-प्रेव्हो जिंकले. ते ज्या डोंगरावरून गेले त्याच डोंगरावर मी नेच्यांत पडलो होतो, एवढंच आमचं नातं.

आम्ही तिघं होतो. भाची, जी तिथे नोकरी करते आणि सुट्टी आली की चिखलात असते, मी, आणि माझी बायको, जिने कच्च्या वाटेवर कधी सायकल घातलेली नव्हती. तिघांच्या तीन तऱ्हा, त्यामुळे कुठली वाट कुणासाठी याचा अंदाज आपोआप येत गेला.

बायकोची सुरुवात जंगलात केलीच नाही. पीबल्सहून इनरलीदनला जाणारी जुनी रेल्वेलाइन कधीच बंद झाली, आता त्या जागी चालण्या-सायकलीची वाट आहे. साधारण दहा किलोमीटर, जवळजवळ सपाट. रेल्वे होती म्हणजे चढ बेताचाच असणार, हे ओघानेच आलं. सकाळी ती तिथे जाऊन-येऊन आली आणि गिअर, ब्रेक, खोगिराची उंची सगळं हाताखाली बसलं. लहान मुलं बरोबर असतील तर पहिला दिवस याच वाटेवर काढा. जंगलातला हिरवा ट्रेल त्याच्या पुढची पायरी. रुंद, खडी दाबून बसवलेला, पण वळणं खरी आणि उतारही खरा.

माझा दुसरा दिवस निळ्या ट्रेलवर गेला, आणि तीन दिवसांतला सगळ्यात मजेचा तोच. निघण्यापूर्वी भाचीने माझ्या भाड्याच्या सायकलची टायरं अंगठ्याने दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. रस्त्याच्या सवयीने मी हवा चाळीस पीएसआयपर्यंत भरून घेतली होती. तिने फुस्स करून पुढे 23 आणि मागे 26 वर आणली. माझं वजन ऐंशी किलो, टायर रुंद आणि ट्यूबलेस. वजन कमी असेल तर आणखी उतरवता येते. ट्यूब असेल तर मात्र जपून, दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. फरक पहिल्या पन्नास मीटरमध्ये कळला. आदल्या दिवशी खडीवर टणाटण उडणारं चाक आता जमीन धरून चालत होतं.

निळ्या ट्रेलच्या उतारावर बर्म येतात, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला मातीचा तिरपा बांध. पहिल्या दोन बर्मवर मी वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबला आणि सायकल सरळ उभी राहून बांधाच्या काठाकडे निघाली. मग भाचीने मला एकाच वळणावर चारदा वर चालत नेलं आणि पुन्हा पुन्हा खाली सोडलं. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात बोटं लिव्हरवर, पण दाब सोडलेला. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, खोगीर खाली पाडलेलं. आणि नजर बांधावर नाही, वळण संपतं तिथे. "दगडाकडे बघशील तर दगडावरच जाशील," असं ती म्हणाली. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढे दगड असताना त्याच्याकडे न बघणं हे जवळपास अशक्य काम आहे. चौथ्या वेळी जमलं. बांधाने सायकलला हातात घेऊन वळवल्यासारखं वाटलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

खोगीर खाली पाडण्याची कळ डाव्या अंगठ्याशी असते. तिला ड्रॉपर म्हणतात. भाड्याची सायकल घेताना इतर काही नसलं तरी चालेल, पण ड्रॉपर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मागून घ्या. चढाला खोगीर वर, उताराला खाली. पहिला दिवसभर मी ते विसरत होतो.

चढाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं कमी. गाड्या थांबतात तिथून वर जाणारी वाट लांब आणि एकसुरी आहे. बारीक गिअर, बसून, गप्पा मारता येतील एवढाच वेग. खालीच दम संपवला तर उतारावर हात थकतात आणि अपघात तिथे होतात.

त्याच दिवशी बायकोने बॅटरीची सायकल घेतली. ब्रिटनमध्ये मोटर 250 वॉटची आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत करणारी असेल तर ती कायद्याने सायकलच. मी घाम पुसत असताना ती बाजूने "येते हं" म्हणत निघून गेली. चढाचा प्रश्न सुटतो, उताराचा नाही. वीस-बावीस किलोची ती सायकल ओल्या उतारावर थांबायला जास्त जागा घेते. सुरुवात करणाऱ्याला बॅटरी पटकन उंचावर नेऊन सोडते, आणि उतरायचं कसब तेवढ्या वेळात आलेलं नसतं. म्हणून ती वर गेली तरी उतरली हिरव्यावरूनच.

तिसऱ्या दिवशी लाल. सुमारे अठरा किलोमीटर. स्पूकी वूड नावाच्या टप्प्याच्या माथ्यावरून ट्वीडचं खोरं पूर्ण दिसतं. तिथून खाली वळणं आणि माती उंचावून केलेले सपाट टेबल एकामागून एक येतात. टेबलावरून उडायलाच हवं असं नाही, चाकं जमिनीला चिकटवूनही जाता येतं, मी तसाच गेलो. मुळं आली की ब्रेक सोडून, त्यांना काटकोनात गाठून, अंग सैल ठेवून जायचं. ब्रेक धरून तिरकं गेलं की काय होतं ते पहिल्या दुपारी कळलेलं होतं. दोन ठिकाणी उतरून चाललो. लाज वाटली नाही, पण थांबायचं तर वाटेच्या कडेला, वळणाच्या पुढे दिसेल अशा जागी. मागून येणाऱ्याला वळणाआड उभा माणूस दिसत नाही.

काळा मी केला नाही. भाची इनरलीदनला गेली. तिथे सायकलीसकट वर नेणारी गाडी मिळते आणि उतार इतका उभा की मी खालून बघतानाही मान वर केली होती. एका दगडी पायरीपाशी तिने सायकल आडवी ठेवली, चालत खाली आली, पायरीच्या खालची माती बुटाने चाचपली, पुन्हा वर गेली आणि मग एका दमात उतरली. तिला इतकी वर्षं झाली तरी नवीन वाट ती आधी पायी बघते.

जाणार असाल तर काही गोष्टी. जंगलात लाकूडतोड चालू असते, कुठला ना कुठला ट्रेल बंद किंवा वळवलेला असतो. निघण्याच्या सकाळीच वनखात्याच्या संकेतस्थळावर बघा आणि बंदची पाटी ओलांडू नका, पलीकडे खरंच झाड कोसळत असू शकतं. जून चांगला, रात्री दहापर्यंत उजेड राहतो. पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात धरूनच चाला. गुडघ्यांचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे निळ्या ट्रेललाही घाला. प्रवासाचा विमा घेताना माउंटन बाइकिंग त्यात धरलंय का ते लेखी विचारा, पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेलं असतं. झाडीत फोनची रेंज जाते-येते, तेव्हा शेवटचा कुठला फाटा सोडला हे लक्षात ठेवत जा. मदतीसाठी 999 किंवा 112. आणि स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागून बहुतेक मोकळ्या जमिनीवर सायकल नेता येते, म्हणून इंग्लंडमध्ये गेल्यावर तसंच गृहीत धरू नका. तिथे पायवाटेवर सायकलला साधारणपणे हक्क नसतो, घोड्यांच्या वाटेवर असतो.

परतताना सायकल धुवायच्या जागेवर रांग होती. माझ्या पुढे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आपली चिमुकली सायकल धूत होती, साखळीवर पाण्याचा थेट फवारा येऊ न देता, आडव्या हाताने. चाकाच्या आऱ्यांत नेच्याचं एक पान अडकलं होतं. ते तिने काढून ठेवलं आणि माझ्या हातात पाइप दिला.