खुर्च्या कोण आवरतं ते बघा

परवा परत एका कोहाउसिंगच्या मीटिंगला जाऊन आले. ही कितवी हे मी मोजत नाही, पण घरात मोजणारा एक माणूस आहे, तो म्हणाला अकरावी. नवऱ्याचं या विषयावरचं मत एका वाक्यात सांगता येतं, "सख्ख्या भावांचं एका भिंतीवरून पटत नाही आणि तुम्ही परक्यांना गोळा करून घरं बांधायला निघालात." त्याला उत्तर देणं मी सोडलंय कारण तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये, फक्त त्यातून तो घरी बसायचा निष्कर्ष काढतो आणि मी मीटिंगला जायचा.

कोहाउसिंग म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे कम्यून का?" नाही हो. प्रत्येकाचं स्वतःचं घर, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं दार आणि त्याला कडी. शिवाय सगळ्यांचं मिळून एक कॉमन हाउस, तिथे मोठं किचन, एकत्र जेवायची जागा, कपडे धुवायची मशीन, पाहुण्यांसाठी एकदोन खोल्या. साधारण 20 ते 40 घरं, गाड्या कडेला लावायच्या, मधून पायवाट, आणि घराच्या किचनची खिडकी शक्यतो त्या पायवाटेकडे, म्हणजे भांडी घासता घासता कोण आलं कोण गेलं दिसतं. मग दुसरा प्रश्न येतो, "मग ही सोसायटीच की!" इथे खरा फरक आहे. सोसायटीत आधी भिंती उभ्या राहतात आणि शेजारी नशिबात असेल तो मिळतो, इथे आधी माणसं जमतात, मग जागा बघतात, मग आर्किटेक्टला घेऊन बसतात आणि भिंती सगळ्यात शेवटी. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं हातात काहीच नसतं, नुसत्या मीटिंगा. आणि लोक कंटाळतात ते इथेच, की अरे घर कुठाय, नुसतं बोलतोय आपण.

पण हे सुरूच असं झालं. डेन्मार्कमध्ये 1964 च्या हिवाळ्यात यान गुडमन-होयर नावाच्या आर्किटेक्टने काही मित्रांना घरी जमवलं, की आपण राहतो ते असंच राहायचं का. बोलून बोलून कोपनहेगनच्या बाहेर जागा घेतली, 12 घरांचा प्लॅन केला, आणि घोडं अडलं कुठे तर आजूबाजूच्या लोकांपाशी. इतकी कुटुंबं म्हणजे इतकी पोरं, आणि पोरं म्हणजे गोंगाट! प्रोजेक्ट बारगळलं. मग 1967 मध्ये बोडिल ग्राए या लेखिकेने तिथल्या पेपरात लेख लिहिला, मुलांना शंभर आईवडील असावेत अशा अर्थाचा, आणि पुढच्या वर्षी गुडमन-होयरनेही आपली कल्पना लिहून काढली. दोन्ही लेख वाचून लोक आपणहून पुढे आले, दोन्हीकडची माणसं एकत्र जमली आणि 1972 मध्ये सेटेडामेन उभं राहिलं, 27 कुटुंबांचं. म्हणजे ज्या पोरांच्या आवाजापायी पहिला डाव मोडला त्याच पोरांच्या नावाने दुसरा जमला, मला ही गोष्ट फार आवडते, प्रत्येक मीटिंगला कुणाला ना कुणाला सांगतेच. 1964 ते 1972, आठ वर्षं झाली बघा. अमेरिकेत तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला म्युइर कॉमन्स नावाची अशी वस्ती व्हायला 1991 उजाडलं.

आता पहिल्या मीटिंगांमध्ये काय होतं ते सांगते, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. कुठलातरी हॉल, खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठ्या देतात आणि म्हणतात तुमचं स्वप्न लिहा. सगळे लिहितात निसर्ग, शांतता, मुलांना मोकळं खेळायला, म्हातारपणी सोबत. भिंतीवर चिकटवून झालं की एकमेकांचं वाचून सगळे खूश, अय्या तुझंही तेच माझंही तेच. ह्या सेशनवर माझा आता काडीचा विश्वास नाही. चिठ्ठीवर भांडण लिहायला कोणी सांगितलेलंच नसतं ना.

त्यापेक्षा एकदा काड्यापेट्यांचा खेळ केला होता तो डोक्यात राहिलाय. जमिनीवर मोठा ब्राऊन पेपर, त्यावर पेनने झाडं काढलेली, एक बाजू रस्ता. मधोमध एक बुटाचं खोकं, ते कॉमन हाउस. प्रत्येक कुटुंबाला एक काड्यापेटी, तिच्यावर नाव घाला आणि आपलं घर ठेवा. वीसेक मिनिटांनी बघितलं तर सगळ्या पेट्या कागदाच्या कडेला, झाडांकडे तोंड करून, एकमेकांना पाठ. खोक्याच्या शेजारी कुणीच नाही! अर्ध्या तासापूर्वी ह्याच मंडळींनी भिंतीवर "एकत्र" हा शब्द आठ वेळा चिकटवला होता. माझीही पेटी कोपऱ्यातच होती, खोटं कशाला बोलू. आणि एक काका होते, त्यांनी खिशातून खोडरबर काढला, रस्त्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "हे पार्किंग. आता मला सांगा, भर पावसात दोन्ही हातात पिशव्या घेऊन माझ्या दारापर्यंत किती पावलं?" लोक हसले. पण पुढचे तीन महिने जे काही बोललो ते त्या खोडरबरावरच बोललो, कारण गाडी दारात आणली की मधली पायवाट गेली, आणि पायवाट गेली की येताजाता जे दोन शब्द बोलणं होतं ते गेलं.

तो ग्रुप पुढे फुटला. दोन वर्षं आम्ही मूल्यांवर बोललो, कंपोस्टवर बोललो, कुत्र्यांवर तर दोन अख्ख्या मीटिंगा झाल्या (मोकळी सोडायची की बांधून, मांजरांचं काय, सापाचा विषयही निघाला होता एकदा) आणि पैशाचं कुणी काढायचं नाही, कारण पैशाचं काढलं की वातावरण बिघडतं. मग खरोखर एक जागा आली समोर, इसाराची रक्कम पंधरा दिवसांत भरायची होती, आणि चौदा कुटुंबांपैकी हात वर झाले पाच. बाकीचे कुणी फोन उचलेना, कुणाला अचानक मुलाच्या शिक्षणाचं आठवलं. जो माणूस सगळी धावपळ करत होता त्याने स्वतःच्या खिशातून मोजणीचे पैसे भरले होते, ते त्याला पूर्ण परत मिळाले नाहीत. मी त्या पाचांत नव्हते. मला आधीपासून माहीत होतं की आमचं तेवढं जमणार नाही, आणि मी दोन वर्षांत एकदाही ते म्हणाले नाही, कारण मीटिंगा छान व्हायच्या.

म्हणून आता मी नवीन ग्रुपच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या मीटिंगलाच विचारते, कुणी मधेच बाहेर पडलं तर पैशाचं काय? घर विकायचं झालं तर कुणाला विकता येईल, भाड्याने देता येईल का, नोकरी गेली आणि हप्ता थकला तर? काही जण माझ्याकडे असे बघतात जणू साखरपुड्यात घटस्फोटाचा विषय काढला. पण बाहेर पडायचं दार कुठाय हे माहीत असलं की माणूस आत निवांत बसतो. इंग्लंडमध्ये लीड्सला लायलॅक म्हणून 20 घरांची वस्ती आहे, 2013 मध्ये लोक राहायला आले, लाकूड आणि गवताच्या पेंढ्यांच्या भिंती. सगळे फोटो काढतात ते भिंतींचे. मला त्यांची पैशाची रचना जास्त भारी वाटते, घरं मिळून एका संस्थेच्या मालकीची आणि प्रत्येकजण आपल्या निव्वळ उत्पन्नाच्या 35 टक्के भरतो, ज्याची कमाई जास्त तो जास्त भरतो आणि त्याचा संस्थेतला वाटाही तसा वाढतो. हे ठरवायला लोकांनी आपापले पगार एकमेकांसमोर मांडले असणार ना! आमच्या मीटिंगला कुणी वयसुद्धा खरं सांगत नाही.

पर्यावरणाचंही तसंच आहे. मीटिंगला एक तरी जण सोलर पॅनलचं गुऱ्हाळ लावतो आणि अर्धा तास खातो. पॅनल बसवा की, कोण नको म्हणतंय. पण जास्त बचत होते ती साध्या गोष्टींत, पाहुण्यांची खोली सगळ्यांची मिळून असली की प्रत्येकाचं घर एका खोलीने लहान होतं, तेवढं कमी बांधायचं, कमी तापवायचं किंवा गार करायचं, कमी झाडायचं. ड्रिल मशीन घराघरात एक, आणि वर्षातून किती वेळ चालतं? दोन भोकं पाडण्यापुरतं. सगळ्यांत मिळून चार घेतली तरी पुरतात, फक्त मग वापरून झाल्यावर जागेवर कोण ठेवणार हा प्रश्न सुटायला हवा, आणि तो पॅनलवाल्याला सुटत नाही.

आता निर्णय कसे घेतात. बऱ्याच ग्रुपात मतदान टाळतात, कारण सात विरुद्ध सहा असं झालं की ते सहा जण मनात धरून त्याच पायवाटेवर रोज भेटणार. मग सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, हातात रंगीत कार्डं, हिरवं म्हणजे मान्य, पिवळं म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे अडवतो. ऐकायला छान, पण रात्रीचे साडेनऊ वाजले की हिरवी कार्डं भराभर वर येतात ती पटलं म्हणून येतात असं नाही, घरी जायचंय म्हणून येतात, आणि पुढच्या महिन्यात तोच विषय परत उकरला जातो. हल्ली काही ठिकाणी सोशियोक्रसी वापरतात, नेदरलँड्समध्ये केस बूके नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेत मुलांबरोबर ही रीत बसवली आणि त्याच्याच एका विद्यार्थ्याने, गेरार्ड एंडेनबर्गने, ती पुढे घरच्या कंपनीत नेली. त्यात "तुला हे आवडलं का" असं विचारत नाहीत, "ह्याने आपल्या कामाला धोका आहे का, नसेल तर काही दिवस करून बघायला चालेल का" असं विचारतात. मला हे फार माणसाळलेलं वाटतं. आवडायला कुठे सगळं आवडतं, चालवून घेता येतं बरंच.

सगळ्यात चिवट गट मी वाचलेला तो लंडनमधल्या बायकांचा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी मिळून राहायचं ठरवलं, 1998 मध्ये जमायला लागल्या आणि न्यू ग्राउंड म्हणून 25 फ्लॅटच्या इमारतीत राहायला गेल्या 2016 मध्ये. अठरा वर्षं! पन्नाशीत सुरू केलेलं अडुसष्टाव्या वर्षी हातात. तेवढा काळ ह्या बायकांनी मीटिंगा केल्या म्हणजे एकमेकींचे रुसवेफुगवे, आजारपणं, विसराळूपणा सगळं घर व्हायच्या आधीच पाठ झालं असणार. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला अठरा वर्षांत मी तुलाही पाठ करू शकलो नाही.

तर तुम्ही कुणी अशा मीटिंगला पहिल्यांदा जाणार असाल तर प्रेझेंटेशनला उशिरा गेलात तरी चालेल पण लवकर निघू नका. ब्रेकमध्ये विचारा की ग्रुप सोडून कोण कोण गेलं आणि का, आणि उत्तर देताना त्या गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलतात ते ऐका. कोण एकटाच बोलतोय आणि त्याला कुणी प्रेमाने थांबवू शकतं का ते बघा. आणि शेवटी खुर्च्या कोण आवरतं. दरवेळी तीच दोन माणसं कप विसळत असतील आणि बाकीचे दारात उभे राहून टिकाऊ जीवनशैलीवर बोलत असतील तर कॉमन किचनमध्येही तीच दोन माणसं असणार, हे मला ब्राऊन पेपरवर न लिहिता कळतं आता.

परवाच्या मीटिंगला अठरा जण होतो. पैशाचा प्रश्न मी काढायच्या आधीच एका तरुण मुलीने काढला, फाडकन, "मी महिन्याला एवढेच देऊ शकते, ह्याच्या वर असेल तर आत्ता सांगा, मी जाते." एक क्षण सगळे गप्प, मग शेजारच्या बाईंनी आपला आकडा सांगितला, मग तिच्या शेजारच्याने. गोल फिरत माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही सांगितला, आवाज थोडा कापला.

संपल्यावर खुर्च्या रचत होते तर मागून कोणीतरी चार खुर्च्या एकदम उचलून भिंतीला लावल्या. नवरा होता, मला न्यायला आलेला, बाहेर गाडीत बसून कंटाळला म्हणाला. त्याला कोणीतरी ग्रुपमधलाच समजून पुढच्या वेळी हॉल उघडायला लवकर याल का विचारलं, आणि हा म्हणाला, "किती वाजता?"