शोषण वाढलं, पण कशाचं?

वॉर्डमधून मला बोलावणं आलं ते रिपोर्टमधल्या एका आकड्यामुळे. फेनिटोइन या फिटवरच्या औषधाची रक्तातली पातळी ३१. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी अशी अपेक्षा असते. पेशंट शिवणकाम करणारे, साठीच्या आसपासचे काका. फिट येऊ नयेत म्हणून कित्येक वर्षं तीच गोळी, तोच डोस. मागच्या तपासणीत पातळी १७ होती. आता मात्र चालताना तोल जात होता, जीभ जड झाली होती आणि सुईला एकाऐवजी दोन नेढी दिसत होती. घरच्यांनी पक्षाघात समजून धावतपळत आणलं. मेंदूच्या स्कॅनमध्ये काहीच नव्हतं.

अशा वेळी क्लिनिकल फार्मासिस्टचं काम बरंचसं चौकशीचं असतं. गोळी चुकून दोनदा घेतली का? पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशेब बरोबर होता. कंपनी बदलली का, नवं अँटिबायोटिक सुरू झालं का, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आहे का, लिव्हर ठीक आहे का? सगळं जिथल्या तिथे.

"काका, या गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"काही नाही."

"अहो, त्या मशरूमच्या कॅप्सूल सांगा ना," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "पण मॅडम, ते औषध नाहीये हं. नैसर्गिक आहे."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की यातल्या घटकांचं शोषण कित्येक पटींनी जास्त होतं. मागे बारीक अक्षरांत मशरूमची पावडर, हळदीतलं कर्क्युमिन आणि शेवटी मिरीचा अर्क, त्यात ९५ टक्के पायपरिन. सर्दी-खोकला लांबला तेव्हा प्रतिकारशक्तीसाठी म्हणून काकांनी ही बाटली आणली होती. सकाळी फिटच्या गोळीबरोबर, एकाच घोटात.

मिरी त्यात का असते, हे समजून घ्यायला हवं. कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही. आतड्याच्या आवरणात आणि लिव्हरमध्ये त्याचं झटपट रूपांतर होऊन ते बाहेर टाकलं जातं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांमधली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा आज असंख्य बाटल्यांवर झळकतो. नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात ते जेमतेम सापडत होतं, म्हणजे ही वाढ नगण्यावरची वाढ आहे, हे मात्र बाटलीवर कुणी लिहीत नाही.

पायपरिन हे करतं कसं? परके पदार्थ मोडणाऱ्या काही एन्झाइमना ते मंदावतं, आणि आतड्याच्या पेशींत शिरलेला पदार्थ परत बाहेर ढकलणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन नावाच्या पंपालाही. राखणदाराला झोपवलं की पाहुणाही आत येतो आणि बाकीचेही येतात. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरचं थिओफिलिन यांची पातळी पायपरिनमुळे वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. अपस्माराच्या रुग्णांमध्ये फेनिटोइनचीही वाढलेली आढळली आहे.

ती वाढ मोठी नव्हती. पण फेनिटोइन हे विचित्र औषध आहे. त्याला मोडणाऱ्या एन्झाइमची क्षमता नेहमीच्या डोसलाच संपत आलेली असते. १७ वर असलेल्या माणसात थोडीशी भर पडली तरी पातळी त्या प्रमाणात वाढत नाही, ती उसळते. काकांच्या बाबतीत हेच झालं असावं, असं मी डॉक्टरांना सांगितलं. कॅप्सूल बंद केली, फेनिटोइन काही काळ थांबवलं, पातळी उतरल्यावर पूर्वीचाच डोस सुरू केला. पुढच्या तपासण्यांत ती जुन्या जागी येऊन स्थिरावली. कॅप्सूल पुन्हा देऊन खात्री करण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून दुष्परिणामाच्या नोंदीत 'बहुधा' हा शब्द राहिला. तो तिथे असायलाच हवा.

मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ज्या मशरूमसाठी काकांनी बाटली घेतली, त्याला या मिरीचा उपयोगच काय? मशरूममधल्या ज्या बीटा-ग्लुकानचा एवढा बोलबाला आहे, ते प्रचंड मोठे रेणू आहेत. ते सहसा अखंड रक्तात जात नाहीत. आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशी डेक्टिन-१ सारख्या रिसेप्टरनं त्यांना ओळखतात. त्यांचं काम मुख्यतः तिथेच सुरू होतं. त्यांची अडचण शोषणाच्या आधीची आहे. मशरूमच्या पेशीभोवती कायटिनची चिवट भिंत असते आणि आपल्याला ती नीट पचत नाही. गरम पाण्यात दीर्घकाळ उकळून अर्क काढला की बीटा-ग्लुकान मोकळं होतं. रेशी नावाच्या मशरूममधले ट्रायटर्पीन हे कडू पदार्थ मात्र पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. म्हणून पाणी आणि अल्कोहोल दोन्हींनी काढलेला अर्क, म्हणजे ड्युअल एक्स्ट्रॅक्ट, याला अर्थ आहे. काकांच्या बाटलीत अर्क नव्हताच. धान्यावर वाढवलेलं मायसेलियम, म्हणजे मशरूमचे मुळांसारखे धागे, धान्यासकट दळलेलं होतं.

काकूंसमोरच एक कॅप्सूल उघडली, पावडर पाण्यात कालवली आणि वर आयोडिनचा थेंब टाकला. गडद निळा-काळा रंग आला. म्हणजे स्टार्च. लेबलवर 'पॉलिसॅकराइड', म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, भरपूर लिहिले होते, आणि बीटा-ग्लुकानसारखं स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकान किती, याचा आकडा कुठेच नव्हता. या चाचणीवरून स्टार्चचं प्रमाण कळत नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे मशरूम घ्यायचंच नाही का?" काकांनी विचारलं. बोलणं तोवर बरंच स्पष्ट झालं होतं.

घ्यायचं नाही असं मी म्हटलं नाही. शोषण वाढवण्याचे निरुपद्रवी मार्ग पुष्कळ आहेत. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यावं, लोह क जीवनसत्त्वाबरोबर घ्यावं आणि चहापासून लांब ठेवावं, मॅग्नेशियम ऑक्साइडपेक्षा सायट्रेट बरं. यांत प्रत्येक पदार्थाची अडचण ओळखून तेवढीच सोडवलेली असते. एन्झाइम मंदावण्याचा मार्ग मात्र रोज दुसरं औषध घेणाऱ्यानं विचारल्याशिवाय धरू नये, हे त्यांना मी कागदावर लिहून दिलं. फिटची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांच्याबाबत तर मी फार कडक आहे.

काही महिन्यांनी काकांनी दुसऱ्या एका बाटलीचे फोटो पाठवले, पुढचा आणि मागचाही. ड्युअल एक्स्ट्रॅक्ट, बीटा-ग्लुकानची टक्केवारी छापलेली, मिरी नाही. मी त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलले. सुरू करायला हरकत नाही, पण दोन आठवड्यांनी फेनिटोइनची पातळी पुन्हा बघायची, असं ठरलं. तपासणीची तारीख काकूंनी लगेच कळवली.