तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्यात किती सुटतं?

"काकू, कुत्र्यात किती सुटते हो?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, नागपूरच्या कळमना मार्केटला संत्र्याच्या गाडीजवळ उभी असले तरी विचारतात, एकदा तर एकानं तेरवीच्या जेवणात विचारलं. विचारणाऱ्याचा हिशोब डोक्यात आधीच झालेला असतो, एका वेळी आठ पिल्लं, वर्षातून दोनदा, एक पिल्लू इतक्याला, म्हणजे काकू बसल्या जागी लखपती. मग मला माझीच साडी खालीवर पाहावी लागते.

तर सांगते. नागपूरहून काटोल रोडला कळमेश्वरच्या पुढे आमची चार एकर शेती आहे, त्यात अर्ध्याच्या वर संत्रा, बाकी तूर-कपाशी, आणि विहिरीच्या बाजूला कुत्र्यांचं शेड. कुत्री कारवान जातीची, लांब पायांची, पोट आत गेलेली, पाहुण्यांना वाटते मी उपाशी ठेवते. मूळ हे मराठवाडा, सोलापूर आणि तिकडं कर्नाटकच्या पट्ट्यातलं जनावर, मुधोळ म्हणतात ते ह्यातलंच. 2020 मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांचं नाव घेतलं तेव्हापासून फोन वाढले, पण फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना शेवटी हस्कीच पाहिजे असते. नागपूरच्या 45 डिग्रीत हस्की! बाप्पा, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर माझी पातळ केसांची कारवान पण खसच्या ताट्यांसमोरून हलत नाही.

आता तो आठ-दुणे-सोळाचा हिशोब. पहिली गोष्ट, ह्या शिकारी जातीच्या माद्या बऱ्याचदा वर्षातून एकदाच माजावर येतात. दुसरी, दोनदा आली तरी दोनदा लावायची नाही, 2017 च्या केंद्राच्या नियमात स्पष्ट लिहिलंय, मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. लोकांना मात्र पाच आठवड्यांचंच पाहिजे, मुठीत मावणारं, फोटोत गोड दिसणारं. पण ते शेवटचे तीन आठवडे पिल्लू भावंडांशी मारामारी करून शिकते, किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे माणूस शिकवू शकत नाही. आणि त्याच तीन आठवड्यांत खाणं सगळ्यात जास्त लागते, ज्वारीची भाकर, अंडी, चिकनचा खिमा, वरून लस. पार्वो म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा जुलाब-उलट्यांचा व्हायरस, त्याची लस साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चौथ्या महिन्यापर्यंत चालते. हा व्हायरस मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो, म्हणून गेटवर ब्लिचिंगच्या पाण्याची ट्रे ठेवलीये आणि दुसऱ्या केनेलवरून सरळ माझ्याकडे आलेल्या माणसाला मी आत घेत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

खरं सांगू का, ह्या दोन्ही कामांत पैसा पिल्लावर किंवा फळावर ठरत नाही, मायवर ठरतो. संत्र्याची पन्हेरी, म्हणजे लावायची रोपं, घेताना जाणता शेतकरी कलम किती हिरवं दिसते ते पाहत नाही, डोळा कोणत्या झाडाचा आहे ते विचारतो, कारण जंभेरी लिंबाच्या खुंटावर रोगट झाडाचा डोळा बांधला तरी दोन वर्षं सगळं छानच दिसते, आणि मग पाचव्या-सहाव्या वर्षी जेव्हा फळ यायला पाहिजे तेव्हा झाड पिवळं पडत जाते, तोवर पाणी, खत, मजुरी सगळं जिरलेलं. कुत्र्यातही तेच. लॅब्राडॉर-जर्मन शेफर्डमधला कंबरेच्या सांध्याचा दोष पिल्लाच्या तोंडावर लिहिलेला नसतो, तो नंतर चालताना दिसतो. खाण तशी माती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी पिल्लं दाखवतच नाही, आधी माय दाखवते, ती अनोळखी माणसापाशी कशी वागते, कशी पळते, पळून आल्यावर किती वेळात शांत होते. बऱ्याच लोकांना हे बोअर होते.

आणि ज्या माद्या मी लावतच नाही त्यांचं काय? दिसायला सुंदर पण भित्री, किंवा पिल्लांवर धावणारी, तिलाही रोज तेवढंच खायला लागते ना. शेडमध्ये अशा आहेतच. तो खर्च कोणाच्या हिशोबात नसतो.

शेतीची एक सोय आहे जी कुत्र्यात नाही. संत्र्याला ताण देता येतो. मृग बहर धरायचा तर एप्रिल-मे पाणी तोडायचं, झाड कोमेजल्यासारखं होते, मग जूनच्या पावसावर फुटते आणि फळ फेब्रुवारी-मार्चात. आंबिया बहर पाहिजे तर हिवाळ्याची थंडीच ताण देते, जानेवारी-फेब्रुवारीत फूल. म्हणजे बहर थोडाफार आपल्या हातात, पाऊस लांबला की मग कोणाच्याच हातात नाही. कुत्रीला असा ताण देता येत नाही, ती तिच्या वेळेवर माजावर येते आणि साधारण 63 दिवसांनी विते, मग घरी लग्न असो की संत्र्याचा तोडा सुरू असो. दिवस भरत आले की सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा, अंगाचं तापमान 37 डिग्रीच्या खाली उतरलं की समजायचं दिवसभरात होणार, व्यापाऱ्याला फोन करून सांगायचं भाऊ आज नको, उद्या ये. डिसेंबरात वेत आलं तर पेटीत बल्ब लावून बसावं लागते, कारण पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही.

"कुत्र्यांचं खत होत असेल ना फुकटात?" हे पण विचारतात. नाही होत. त्यात जंत असतात, खाण्याच्या पिकाला ते घालायचं नाही, त्याचा खड्डा वेगळा, बागेपासून दूर. बागेत शेणखतच जाते आणि ते विकत आणते.

रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, पळवायला कुत्रे कामाचे, हे खरं आहे. म्हणूनच काही जण शिकारीसाठी मागायला येतात, दामदुप्पट द्यायला तयार असतात. वन्यजीव कायदा आहे हे सांगायची गरज नसते, त्यांना माहीत असते. चहा पाजते आणि परत पाठवते. माझा सालदार म्हणतो, "ताई, तुम्ही नाही म्हनन्यातच कमावता." तो चिडून म्हणतो.

तर सुटतं किती? ज्या वर्षी वेत चांगलं येते त्या वर्षी कुत्री आपलं खाणं आणि डॉक्टर स्वतः काढतात, वरून थोडं राहते. नाही आलं तर संत्रा त्यांना पोसतो. आणि बांगलादेशनं संत्र्यावरची आयात ड्युटी वाढवून भाव पाडला, किंवा फळगळ झाली, तर त्या वर्षी पिल्लांच्या पैशातून बागेतल्या बुरशीवर मारायच्या बोर्डोचं सामान आलंय, असंही झालंय. दोन्ही एकाच वर्षी बसलं की मग तूर विकायची.

ह्या वर्षी विचाराल तर कुत्र्यांमधून शून्य. मोठीला आठ पूर्ण झाली, ती आता रिटायर, अंगणात झोपून असते. तिची पोरगी चांगली निघालीये, पण तिचे 18 महिने दिवाळीनंतर भरतात, आणि त्यानंतर ती कधी माजावर येईल ते तिचं तिलाच माहीत. बुकिंगचे पैसे आत्ता कोणाकडून घेत नाहीये, उगाच पाठवू नका.