चिकाटी, सेकंदांत

मुलांची चिकाटी मोजायची होती. 'अडचणी आल्या तरी प्रयत्न न सोडणे' असं लिहून संशोधनात भागत नाही, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी धरावं लागतं. आमची कार्यात्मक व्याख्या अशी : न सुटणारं कोडं हातात दिल्यापासून मूल ते खाली ठेवेपर्यंत किंवा 'नको' म्हणेपर्यंत गेलेले सेकंद. कमाल 15 मिनिटं.

या एका वाक्यावर आम्ही किती भांडलो! तुकडा हातात, पण नजर दाराकडे; घड्याळ चालू की बंद? 'हे सुटतं का?' असं विचारलं तर ते 'नको' धरायचं का? सगळ्याची उत्तरं नियमपुस्तिकेत आहेत. (शेवटी प्रत्येकाला सुटणारं कोडं देऊनच पाठवायचं, ही नीती समितीची अट. अख्ख्या आराखड्यातली सर्वांत शहाणी ओळ तीच.)

त्या दिवशी एका मुलानं तुकडे पसरले, कडा ताडून पाहिल्या, एकाच खाचेवर दोन तुकडे हक्क सांगतात हे ओळखलं आणि 'हे होणारच नाही' म्हणून बाजूला सारलं. दोन मिनिटंही झाली नव्हती. त्याच्यानंतरची मुलगी पूर्ण 15 मिनिटं बसली. तोच तुकडा इकडून तिकडे. मी थांबवल्यावर म्हणाली, "तुम्ही ऊठ म्हणालाच नाहीत." कंटाळा आला की सांग, हे तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

तक्त्यात ती सगळ्यात वर, तो तळाशी. दोन्ही निरीक्षकांचे आकडे जुळले, म्हणजे विश्वसनीयता उत्तम. आमचे आकडेवारीवाले खूश. सप्रमाणतेचं, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, याचं काय? कॅम्पबेल आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्येच बजावलं होतं : माप त्याच गुणाच्या इतर मापांशी जुळावं, आणि वेगळ्या गुणाच्या मापांशी जुळू नये. शिक्षकांनी तिला चिकाटीत भरघोस गुण दिले होते, आज्ञाधारकपणातही तेवढेच. शिक्षकांच्या लेखी चिकाटीचं मूल म्हणजे गप्प बसणारं मूल, असा मला दाट संशय आहे.

सेकंदांऐवजी मुलानं तुकड्यांच्या किती वेगवेगळ्या जुळण्या करून पाहिल्या ते मोजू, असं मी सुचवलं. सहकारी म्हणाली, "मग ती कल्पकता झाली." खरंय तिचं. आणि निम्मी मुलं झाल्यावर व्याख्या हलवायची नसते, हेही खरंच.

पुढच्या अभ्यासात आम्ही खोलीबाहेर बसून पडद्यावर पाहणार आहोत. धाक तेवढा कमी होईल. कोडं ओळखून बाजूला सारणाऱ्या त्या मुलाचा प्रश्न मात्र तेवढ्यानं सुटत नाही, म्हणून कोडं ठेवताना 'का सोडलंस?' असं विचारायचं ठरतंय. त्या उत्तरांचं वर्गीकरण कसं करायचं, यावर पुन्हा बैठक आहे.