आमची वाटचाल : तंत्रज्ञाची निवड

बाणेरला दोन खोल्यांत आम्ही बियाण्यांची जनुकीय शुद्धता तपासण्याची प्रयोगशाळा सुरू केली. संकरित टोमॅटोच्या रोपात नर आणि मादी या दोन्ही वाणांच्या खुणा जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या मऊ थरावर, दोन पट्ट्यांच्या रूपाने दिसाव्या लागतात. केवळ मादी वाणाची पट्टी दिसली, तर ते बी संकरातून आलेले नसते. शेतात लावून हीच तपासणी करायची तर एक हंगाम जातो, म्हणून बियाणे कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवतात, आणि आमचा अहवाल चुकला तर भेसळीचे बी शेतकऱ्याच्या पदरात पडू शकते, ही जाणीव मला पहिल्या दिवसापासून आहे.

तरीही पहिला तंत्रज्ञ मी गुणपत्रिका पाहून निवडला. पुण्यात एम.एस्सी. झालेल्या मुलांची वानवा नाही. तो मुलगा हुशार होता आणि पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याच्या प्रक्रियेचे, तत्त्व सुरेख समजावून सांगत असे. तिसऱ्या महिन्यात मात्र डीएनए न घातलेल्या, म्हणून कोरी राहायला हवी अशा नियंत्रण नळीतही पट्टी उमटू लागली. जेल भरण्याचे पिपेटच (थेंबभर द्रव मोजून सोडण्याचे साधन) तो नवीन मिश्रण बनवायला वापरत होता. पीसीआरच्या 30 चक्रांत डीएनएच्या एका रेणूच्या तत्त्वतः 100 कोटींहून अधिक प्रती होतात, तेव्हा त्यातील सूक्ष्म तुषारही पुढचे काम बिघडवायला पुरेसे असतात. दोन दिवस ती पट्टी त्याने वहीत नोंदवलीच नव्हती. सगळे नमुने पुन्हा करावे लागले. कामाची पद्धत मी त्याला लिहून दिली नव्हती, हा दोष माझाच होता.

त्यानंतर मुलाखतीऐवजी आम्ही अर्धा दिवस प्रत्यक्ष काम देऊ लागलो. उमेदवाराने पिपेटने तराजूवर 10 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडायचे आणि प्रत्येक वजन लिहायचे. वजन 10 मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवे. अंगठा सावकाश सुटतो का, टिप (पिपेटचे टोक) पाण्यात खोल बुडते का, हे मी शेजारी बसून पाहतो. हडपसरहून आलेल्या, साध्या बी.एस्सी. झालेल्या एका मुलीचे सहावे वजन 8.7 आले. तिने ते खोडले नाही. शेजारी ‘टिपमध्ये बुडबुडा’ असे लिहून सातवे घेतले. त्याच संध्याकाळी आम्ही तिला कामावर घेतले.

रुजू झाल्यावर आठवडाभरातच ती म्हणाली, ‘‘सर, जेलच्या खोलीतलं पिपेट या खोलीत येता कामा नये.’’ तिच्या सांगण्यावरून आम्ही पिपेटचा दुसरा संच घेतला. तो खर्च तेव्हा जड गेला, पण मी तो पुढे ढकलला नाही. जेलच्या खोलीतील प्रत्येक पिपेटला तिने लाल चिकटपट्टी लावली आणि तिथला ॲप्रनही वेगळा केला.

आता तिच्या हाताखाली दोघे शिकत आहेत. नियंत्रण नळीत पट्टी दिसली, तर त्या दिवसाचा एकही अहवाल बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा अधिकार मी लेखी तिच्याकडे दिला आहे.