जुन्या कपड्यांची पेटी आणि पंचगंगेचे पाणी

जर्मनीत आम्ही राहतो त्या रस्त्याच्या टोकाला जुने कपडे टाकण्यासाठी एक मोठी लोखंडी पेटी होती. ती या महिन्यात उचलून नेण्यात आली, तरी लोक अजूनही त्याच जागी पिशव्या आणून ठेवत आहेत. पावसात भिजणाऱ्या त्या पिशव्यांवरून आमच्या इमारतीत जी चर्चा झाली, ती मनातून जाईना, म्हणून हे लिहीत आहे.

युरोपीय संघाच्या नियमानुसार १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक सदस्य देशाला कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. जर्मनीत हे काम कितीतरी दशके चालूच होते. वर्षाला सुमारे दहा लाख टन जुने कपडे आणि कापड येथे गोळा होते. त्यामुळे प्रत्यक्षात फार काही बदलायचे नव्हते. परंतु फाटका मोजासुद्धा यापुढे घरच्या कचऱ्यात टाकता येणार नाही, अशी आवई उठली आणि लोकांनी तेलकट फडकी, बुरशी आलेल्या उशा आणि रंगकामाचे कपडेही पेट्यांमध्ये कोंबले. मळलेले आणि चिंध्या झालेले कापड पूर्वीप्रमाणेच साध्या कचऱ्यात टाकावे, असे खुलासे पालिकांना नंतर करावे लागले. तोवर एका ओल्या गादीच्या खोळीने पेटीभर चांगले कपडे कुजवण्याचे प्रकार सर्रास झाले होते.

या पेट्यांचे अर्थकारण मुळातच नाजूक आहे. धर्मादाय संस्था किंवा पालिका पेटी ठेवते, वर्गीकरण करणारी कंपनी माल उचलते, आणि पुन्हा विकता येणाऱ्या चांगल्या शर्टाच्या किमतीतून फाटक्या शर्टाचा खर्च भागवला जातो. मुळात विकत घेतलेला शर्टच चार धुण्यांत विटणारा असेल, तर हे गणित जुळत नाही. अलीकडे येथील वर्गीकरणाच्या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांवरही दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली, आणि अनेक गावांतून पेट्या हलू लागल्या.

इमारतीच्या बैठकीत तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "माल जिथून येतो तिथेच काही नियम नाहीत, मग आपण इथे पेट्या भरून काय होणार?" आजी तरुणपणी विणाई गिरणीत कामाला होत्या, त्यांचा स्वभाव प्रेमळ आहे, आणि आमच्या मुलीची स्वेटरे त्याच रफू करून देतात. तरीही ते वाक्य मला बोचले, कारण मी इचलकरंजीचा आहे.

मी राहतो ते म्योन्शेनग्लाडबाख एके काळी राइनचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाई, आणि आमच्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, हे वेगळे सांगायला नको. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला, हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे. येथे मात्र मागांचा खडखडाट ऐकायचा तर जुन्या मागांच्या संग्रहालयात जावे लागते. वस्त्रविद्येचे शिक्षण येथे अजून उत्तम मिळते, यंत्रेही बनतात. कापड तेवढे बाहेरून येते.

आजींना मी स्वयंपाकघरात एक छोटासा प्रयोग करून दाखवला. "शंभर टक्के कापूस" असे लेबल असलेल्या टी-शर्टातला एक धागा चिमट्यात धरून जाळला, तेव्हा कागद जळल्याचा वास आला आणि भुरकट राख बोटावर सहज चुरगळली. मग त्याच टी-शर्टाच्या शिवणीचा दोरा उसवून जाळला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी, टणक गोळी राहिली. तो पॉलिएस्टर होता. कापड शुद्ध सुती असले तरी शिलाईचा दोरा बहुधा तसा नसतो, कारण जलद चालणाऱ्या शिलाई यंत्रावर पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही. जीन्समध्ये दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा, असतो, लेबल नायलॉनचे असते, छापील चित्र प्लास्टिकचे असते. कपडा जुना झाल्यावर या सगळ्याची फारकत करणे हेच पुनर्वापरातले खरे दुखणे आहे. यंत्राने पिंजून धागा काढला तर तंतू आखूड होतात, आणि आखूड तंतूंचे सूत कमकुवत निघते, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावे लागते. जगभरातल्या कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा कपड्यात परतत नाही, हा एलेन मॅकआर्थर फाउंडेशनचा २०१७ सालचा निष्कर्ष या व्यवसायातल्या माणसांना आश्चर्याचा वाटत नाही.

रासायनिक मार्गानेही प्रयत्न झाले. स्वीडनमधील रीन्यूसेल या कंपनीने जुन्या सुती कपड्यांपासून लगदा बनवून त्यातून नवा तंतू काढण्याचा मोठा कारखाना उभारला. तंत्र चालले, मोठ्या ब्रँडांनी कौतुकही केले, परंतु पुरेशा मागणीअभावी २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकाने तो उद्योग विकत घेतला. कौतुक करणारे ब्रँड आणि खरेदीचा करार करणारे ब्रँड यांच्या याद्या सारख्या नसतात, एवढेच त्यातून मला दिसले.

आजींचा दुसरा मुद्दा नद्यांचा होता, आणि तेथे माझी पंचाईत झाली. त्यांच्या लहानपणी येथील नीर्स नदीचे पाणी रंगायचे, असे त्या सांगतात. आज तिच्या काठाने सायकलचा रस्ता आहे आणि रविवारी लोक वल्ही मारत जातात. नदीच्या स्वच्छतेसाठी १९२७ सालीच कायद्याने एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली, पाणी घाण करणाऱ्यांकडूनच खर्च वसूल करण्याची रीत पडली, आणि शंभर वर्षांच्या चिकाटीने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. याबद्दल या लोकांना मनापासून दाद द्यावी. मात्र नदी स्वच्छ होत असतानाच रंगाईचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, कपडे घालणे मात्र कोणीही थांबवले नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे. तो रंग दुसऱ्या कुठल्या तरी नदीत गेला.

आमच्या पंचगंगेत तो किती येतो, हे शिरोळपर्यंतच्या कोणालाही विचारावे. गावातले सांडपाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याला काळा ओढा हे नाव आम्ही उगाच दिलेले नाही. २०१२ च्या काविळीच्या साथीत गावात माणसे दगावली. त्यामुळे "नियम नाहीत" हे आजींचे म्हणणे चुकीचे असले, कारण नियम पुष्कळ आहेत, तरी मी ते फार ठामपणे खोडू शकलो नाही. मी तमिळनाडूतील तिरुप्पूर या टी-शर्टांच्या गावाचे उदाहरण दिले. नोय्याल नदीची दशा पाहून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत तेथील सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करायला लावले. पुढे राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक केंद्रे सुधारली, आणि आज तेथील रंगाईचे बहुतेक पाणी गाळून, उकळून, मीठ वेगळे काढून पुन्हा त्याच हौदात वापरले जाते. जर्मनीतले किती ग्राहक हे जाणतात? येथील दुकानात तिरुप्पूरचा टी-शर्ट आणि पाणी सरळ ओढ्यात सोडणाऱ्याचा टी-शर्ट एकाच खुंटीवर, एकाच किमतीला टांगलेले असतात.

माझी खरी तक्रार या किमतीबद्दल आहे. आमच्याकडे खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती, त्यावर मीटरचे पैसे. तेथे पैशापैशाची घासाघीस चालते. त्या साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला खरेदीदार प्रमाणपत्र मागतो, तपासणीचा खर्च कारखानदाराच्या माथी मारतो आणि दर गेल्या हंगामाचाच ठेवतो. अशा दरात सांडपाणी केंद्राची वीज बसत नाही, म्हणून कोठेतरी रात्री सांडपाणी ओढ्यात सोडणारी झडप उघडली जाते. हे समर्थन नाही. किंवा थोडेसे असेलही. २०२० साली सेंद्रिय कापडाच्या जीओटीएस या मानकसंस्थेने भारतात वीस हजार टन कापसाची खोटी प्रमाणपत्रे उघडकीस आणली, तेव्हा येथील कार्यालयात मला मान खाली घालून बसावे लागले होते. पण इतका स्वस्त सेंद्रिय कापूस येतो कोठून, हा प्रश्न खरेदी करताना कोणालाच कसा पडला नाही, असे मी तेव्हाही विचारले होते आणि आजही विचारतो.

आजींना मी आमच्या बोहारणीबद्दलही सांगितले. दोन जुन्या साड्या आणि एक पँट यांच्या बदल्यात स्टीलचा डबा द्यायचा की नुसती पातेली, यावर आमच्या दारात तासभर चालणारी ती वाटाघाट कोणत्याही जर्मन वर्गीकरण केंद्राच्या तोडीची होती, असे मी थोडे फुशारकीने म्हणालो. येथील पेटीतला माल तरी शेवटी जातो कोठे? त्यातला बराचसा आफ्रिकेत आणि पूर्व युरोपात जातो, काही कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात निवडला जातो, आणि लोकरीचा काही भाग पानिपतला पोहोचतो. तेथे बायका चेन आणि बटणे कापून काढतात, रंगानुसार ढीग लावतात, आणि त्या चिंध्यांचे सूत होऊन घोंगड्या बनतात. त्यात नव्याने रंग द्यावा लागत नाही, ही त्या कामाची मोठी खुबी. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी त्या घोंगड्यांचे गिऱ्हाईक पळवले आहे.

येणारे नियम या पेटीपलीकडे थोडे पाहतात, हे मान्य करतो. मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करण्यास युरोपात १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे. २०२८ पर्यंत प्रत्येक सदस्य देशात कपडे बाजारात आणणाऱ्यांकडून त्यांच्या विल्हेवाटीचे शुल्क घेण्याची व्यवस्था उभी राहायची आहे, आणि टिकाऊ, सहज सुटा होणारा कपडा करणाऱ्यास ते कमी पडेल, असा विचार आहे. शिवणीचा दोरासुद्धा कापसाचा असावा, असे कोणाला त्यामुळे वाटू लागले तर उत्तमच. पण ते शुल्क येथे गोळा होऊन येथील पेट्यांवर आणि वर्गीकरणावर खर्च होणार; रंगाईच्या हौदापर्यंत त्यातला पैसा पोहोचण्याची सोय मला तरी त्यात दिसत नाही.

ब्रँडांना बांधून घेता येत नाही, असेही नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसे गेल्यानंतर बांगलादेशासाठी जो करार झाला, तो कायद्याने बंधनकारक होता, आणि निदान पहिली दोन वर्षे तेथून खरेदी चालू ठेवण्याचे कलमही त्यात होते. रंगाईच्या पाण्यासाठी आणि वाफेसाठी तसा करार कोणी केल्याचे मला तरी ठाऊक नाही. मी ज्या यंत्रांवर काम करतो, त्यांत कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटरच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता परत वापरण्याची जोडणी असते. ती बसवली की इंधन वाचते, हे कोणत्याही प्रोसेसवाल्याला, म्हणजे रंगाई-धुलाईचा कारखाना चालवणाऱ्याला, पटवून द्यावे लागत नाही. गावाकडच्या एका परिचितांना मी त्याची किंमत कळवली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "कर्ज सात वर्षांचे काढायचे आणि ऑर्डर तीन महिन्यांची, बँकेत सही कोण करणार, तुम्ही?" हाच प्रश्न मी आमच्या युरोपीय ग्राहकांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालायला लावला आहे. तो सध्या शेवटच्या क्रमांकावर, इतर विषयांच्या खाली आहे.